ताळा जुळला होता

उन्हं कलली की सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर कॉलनीतली पोरं शिकवणीला येतात. मी त्यांना फरशीवरच खडूनं गणितं मांडायला लावते. फरशीवर आकडे मोठे निघतात, हात मोकळा चालतो, आणि मुख्य म्हणजे चूक लपून राहत नाही. उभ्या उभ्या दिसते. परवा नव्यानंच येऊ लागलेली एक मुलगी शेहेचाळीस गुणिले अडतीस करून बसली होती. उत्तर बरोबर होतं. पण उत्तराच्या शेजारी तिनं एक भलीमोठी फुली काढली होती आणि फुलीच्या चार खाचांत चार आकडे बसवले होते. डावीकडे एक, उजवीकडे दोन, वर दोन, खाली दोन. मला पाहून म्हणाली, "मॅडम, ताळा जुळला. आमच्या आबांनी शिकवला." तिचा चेहरा असा काही फुलला होता की त्याच क्षणी शाबासकी द्यायला हवी होती. मी मात्र दचकले. पन्नाशी ओलांडलेली बाई, खडूच्या एका फुलीला. हसू नका. मी खाली बसले, तिच्याकडून तोच गुणाकार पहिल्यापासून पुन्हा करून घेतला, आणि ती हिरमुसली.

नवाचा ताळा आता कुणाला फारसा ठाऊक नसतो, म्हणून सांगते. मोठा गुणाकार केला की तो बरोबर आहे का हे पाहायला पुन्हा सगळा करत बसायचं नाही. पहिल्या संख्येतले आकडे मिळवायचे, मिळवून एकच आकडा उरेपर्यंत मिळवत जायचं, तो फुलीच्या डाव्या बाजूला लिहायचा. दुसऱ्या संख्येचं तसंच करून उजव्या बाजूला. त्या दोघांचा गुणाकार करून त्याचाही एक आकडा करायचा, तो वर. मग आपल्या उत्तरातले आकडे मिळवून खाली. वरचा आणि खालचा सारखा आला की ताळा जुळला. लहानपणी ही मला जादूच वाटायची. एवढालं लाखांतलं उत्तर, हातच्यांची ती सगळी उस्तवार, आणि शेवटी दोन इवलेसे आकडे समोरासमोर उभे राहून सांगतात की बाई, तुझं सगळं बरोबर आहे. जगात दुसरं कोण इतक्या खात्रीनं काही सांगतं?

तेव्हा आम्ही जामजवळच्या एका खेड्यात राहत होतो. जामच्या चौरस्त्यावर बाबांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेलं टिन, हवा भरायचं यंत्र, पाण्यानं भरलेलं घमेलं आणि जळक्या रबराचा वास. नागपूरकडून येणारे, हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथे थांबायचे. शाळा सुटली की मी चालत तिकडे जाई. बाबांनी माझ्यासाठी एक खेळ काढला होता. ट्रक दिसला की ते पाटीवरचा नंबर मोठ्यानं हाकायचे, आणि त्या चार आकड्यांतल्या पहिल्या दोनांना शेवटच्या दोनांनी मी गुणायचं. मी तिथेच मातीत काडीनं गुणाकार मांडत असे. ड्रायव्हर चाक खोलेपर्यंत माझं उत्तर तयार. "ताळा जुळला का?" बाबा विचारत. "जुळला." मग ते ड्रायव्हरकडे बघून म्हणत, "माही पोट्टी आहे. चौथीत आहे." बस्स, एवढंच. ते एवढंच ऐकायला मी ऊन खात बसत असे. पंजाबी ड्रायव्हर, आंध्राचे ड्रायव्हर, कुणाकुणाला त्यातलं काही कळतही नसे, पण बाबांच्या आवाजात जे होतं ते सगळ्यांना कळायचं. कुणी केळं देई, कुणी डोक्यावर हात ठेवी.

बाबा स्वतः चौथीच शिकलेले. त्यांना मोठे गुणाकार येत नव्हते असं नाही, पण त्यांचा सगळा विश्वास गुरुजींवर होता. "गुरुजीनं शिकवलेलं आहे ना? मंग बरोबरच असंन." आणि त्यांच्या मनात एक बेत होता. चौथीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मी पास झाले तर मला वर्ध्याला मामाकडे ठेवायचं, तिथल्या मोठ्या शाळेत घालायचं. आमच्या गावातून कुणी मुलगी शिकायला वर्ध्याला गेली नव्हती. आई म्हणे, एवढीशी पोर दुसऱ्याच्या घरी कशी राहील. बाबा म्हणत, "स्कॉलरशिप भेटली तं कोणाच्या बापाची हिंमत आहे नाई म्हणाची?" वर्धा मी तोवर दोनदाच पाहिलं होतं. स्टेशनवर रेल्वेचे रूळ कुठे कुठे फुटतात ते पुलावरून पाहिलं होतं, आणि निळ्या फ्रॉकातल्या मुली रांगेनं शाळेत शिरताना पाहिल्या होत्या. त्या रांगेत मी स्वतःला रोज रात्री उभी करून झोपत असे.

आता गुरुजींविषयी सांगायला हवं, आणि इथेच लेखणी अडते. कारण मला त्यांच्याविषयी वाईट लिहिता येत नाही. जे आठवतं ते सगळं गोड आहे. उंच, सावळे, सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून यायचे. त्यांचे आकडे इतके देखणे होते की फळा पुसायला जीव होत नसे. त्यांचा आठ पाहावा, आणि पाच तर काय सांगू! एकक, दशक, शतक करत ते अब्जापर्यंत जायचे आणि मग आम्हाला डोळे मिटायला सांगायचे. "आता पाहा, केवढा मोठा आकडा आहे हा. दिसते का?" आणि खरंच दिसायचा. कापसाच्या गंजीसारखा मोठाला, पांढरा. मला गणित आवडायला लागलं ते त्या डोळे मिटण्यामुळे. शाळा एकाच खोलीची, गुरुजी एकटे, आणि वर्ग चार. पहिलीची पोरं पाटीवर रेघोट्या ओढतायत, दुसरी-तिसरीचे पाढे म्हणतायत, आणि कोपऱ्यात आम्ही चौथीवाले लांबच्या लांब गुणाकार-भागाकार घेऊन बसलेलो. गुरुजी सगळीकडे पुरे पडायचे नाहीत. माणूस होते, काय करतील?

म्हणून त्यांनी ताळ्याची युक्ती काढली होती. आम्ही पाटीवर गणित करायचं, शेजारी फुली काढून ताळा मांडायचा, आणि पाटी वर धरायची. गुरुजी फिरता फिरता फक्त फुलीकडे बघत. वर सात, खाली सात. झालं, खडूनं बरोबरची खूण, पाटी पुसा, पुढचं घ्या. गणित ते बघतच नसत. हे त्या वेळी आम्हाला काही वावगं वाटलं नाही, उलट फार शास्त्रशुद्ध वाटे. पुढे पुढे तर बाकीच्या पोरांच्या फुल्या तपासायचं काम त्यांनी मलाच दिलं. पोट्टे मला 'ताळेवाली' म्हणायचे. मी ओठ दाबून सगळ्यांच्या पाट्या बघत फिरायची, आणि मनातून अशी काही चढलेली असायची की पाय जमिनीला लागत नसत. गुरुजी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिचं गणित मी पाहतच नाई. हिच्यावर माहा भरवसा आहे." त्या वाक्यावर मी अख्खं वर्ष जगले.

आता चूक कुठे झाली ती सांगते. संख्येच्या मध्ये शून्य असलं, म्हणजे तीनशे चार, सहाशे दोन अशी संख्या असली, की तिनं गुणताना मधल्या शून्याची एक ओळ येते, सगळी शून्यांची. गुरुजी म्हणाले, ही ओळ लिहायची गरजच नाही, वेळ जातो, सरळ गाळून टाका. आणि पुढचं ते सांगणार तोच पहिलीतल्या दोन पोरांत खडूच्या तुकड्यावरून मारामारी लागली. एकाच्या नाकातून रक्त आलं. गुरुजी तिकडे धावले. त्याचं नाक धुतलं, दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग घंटा झाली. राहिलेलं वाक्य असं होतं, की ओळ गाळली तरी पुढची ओळ दोन घरं सरकवून लिहायची. ते वाक्य त्यांनी कधीच पुरं केलं नाही. आम्ही ओळ गाळायचो आणि पुढची ओळ एकच घर सरकवायचो. उत्तर साफ चुकायचं. पण काय झालं ठाऊक आहे? ताळा जुळायचा! दर वेळी जुळायचा! कारण ताळ्याला आकडे कुठल्या घरात बसलेत याच्याशी देणंघेणंच नसतं, तो नुसती त्यांची बेरीज करतो. आणि शून्याला तर तिथे काही वजनच नाही. भागाकारातही तेच. भागात मध्ये शून्य यायचं असेल आणि ते राहून गेलं, दोनशे तीनच्या जागी तेवीस लिहिले, तरी ताळा निमूट मान हलवतो. वर्षभर मी चुकीची उत्तरं काढत होते, आणि वर्षभर त्यांवर बरोबरची खूण पडत होती.

परीक्षा तालुक्याच्या गावी होती. बाबांनी दुकान बंद ठेवलं, पांढरा सदरा घातला, आणि आम्ही एसटीनं गेलो. पेपर मला सोपा गेला. दोनशे सतरा गुणिले तीनशे चार असं एक गणित होतं. आजही झोपेतून उठवून विचारा. खाली चार उत्तरं छापलेली, त्यातलं एक निवडायचं. माझं उत्तर आलं सात हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर, आणि ते तिथे छापलेलं होतंच. मी फुली काढली. डावीकडे एक, उजवीकडे सात, वर सात, खाली सात. माझा आनंद विचारू नका. त्या जातीची आणखी काही गणितं होती, तीही मी अशीच सोडवली, एकेक फुली काढून, सावकाश, जराही घाई न करता. घाई न करता, हे शब्द लक्षात ठेवा.

बाहेर कडुनिंबाखाली पोरं आणि पालक घोळक्यानं उभे होते. दुसऱ्या शाळेतली एक मुलगी तिच्या वडिलांना उत्तरं सांगत होती. "पासष्ट हजार नऊशे अडुसष्ट," ती म्हणाली. मी पटकन म्हटलं, सात हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर. तिचे वडील हसले, वाईट नाही हसले, आणि म्हणाले, "बेटा, दोनशेला तीनशेनं गुणलं तरी साठ हजार होतात. सात हजार कसे येतील?" एवढं साधं! मी तिथेच उभी राहून ते मनात केलं आणि माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "पण ताळा जुळला ना," मी म्हणाले. बाबाही म्हणाले, "ताळा जुळला म्हणते ते." त्या गृहस्थांनी मुलीला घेतलं आणि ते निघून गेले. परतीच्या एसटीत बाबांनी मला खिडकीजवळ बसवलं.

सुट्टीत निकाल लागला. यादीत मी नव्हते. बाबा मला घेऊन गुरुजींकडे गेले. भांडायला नाही, बाबा भांडणारे नव्हतेच. फक्त विचारायला, की असं कसं झालं. शाळेच्या ओट्यावर गुरुजी बसले होते. बाबांनी ते तीनशे चारचं गणित सांगितलं. मी गुरुजींच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं ते आता म्हणतील, अरे, ते सांगायचं राहूनच गेलं माझ्याकडून. मला नुसतं तेवढं हवं होतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे, दादा, त्यात वाद नाई. पण लापरवाह आहे. मधलं शून्य सोडू नको म्हणून कितीदा सांगतलं हिले! ध्यानच नसते."

कितीदा सांगतलं. अहो, एकदाही नाही! एकदासुद्धा नाही! हे सगळं माझ्या मनातच राहिलं. ज्या माणसाचं प्रत्येक अक्षर खरं मानलं तो माझ्या देखत, मला ठाऊक असलेल्या गोष्टीवर, इतक्या सहजपणे खोटं बोलला, हे कळायलाच मला वेळ लागला. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला वाटतं की मोठी माणसं चुकतात, रागावतात, मारतात. पण गुरुजी खोटं बोलतात हे बसवायला तिच्याजवळ जागाच नसते. दाखवायला पुरावा तरी कुठे होता? सगळं पाटीवर केलेलं आणि फडक्यानं पुसलेलं. वाटेनं मी बाबांना म्हटलं, "गुरुजीनं नव्हतं सांगतलं." बाबा थांबले. त्यांनी हात नाही उगारला, पण आवाज चढला. "गुरुजी खोटं बोलतीन का? आपलं चुकलं तं चुकलं म्हणावं. गुरुजीवर नाव नको टाकू." मला आजही वाटतं, त्या दिवशी मला दोघांनी सोडलं. आधी गुरुजींनी, आणि मग शेतावरच्या पायवाटेवर बाबांनी. दुसरं जास्त लागलं.

त्याच पावसाळ्याच्या तोंडाला गुरुजींची वर्ध्याला बदली झाली. निरोपाच्या दिवशी हार कुणी घालायचा असा प्रश्न आला तेव्हा सगळ्या गावानं माझंच नाव घेतलं; त्यांची लाडकी विद्यार्थिनी ना मी! घातला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठी होजो, पण सांभाळून करजो सगळं." बायकांनी डोळे पुसले. मीही रडले, आणि लोकांना वाटलं गुरुजी चालले म्हणून रडतेय. ते एका अर्थी खरंच होतं.

मी वर्ध्याला गेले नाही. जामच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले, मग लग्न झालं, संसार झाला. तक्रार करण्यासारखं आयुष्य नाही माझं. नवरा भला, मुलं मार्गी लागली, आणि नशिबाचा खेळ म्हणा, शेवटी राहायला आले ती वर्ध्याच्या कुशीतच, सिंदी मेघेला. पण दोन गोष्टी त्या उन्हाळ्यात संपल्या त्या संपल्याच. एक म्हणजे बाबांनी ट्रकचे नंबर हाकायचं बंद केलं. मुद्दाम नाही. मी नेहमीसारखी दुकानाजवळ जाऊन बसले, ट्रक आला, मी काडी हातात घेतली, आणि बाबा जॅक लावायला वाकले ते वाकलेच राहिले. पुन्हा कधी त्यांनी कुणाला "माही पोट्टी आहे" म्हणून सांगितलं नाही. मी थोडे दिवस गेले, मग जायचं सोडलं. दुसरी गोष्ट म्हणजे तो शब्द, लापरवाह. तो आमच्या घरात राहायलाच आला. भात लागला, लापरवाह आहे. दार उघडं राहिलं, लापरवाहच हाय पोट्टी. बाबांच्या तोंडी त्यात राग नसे, माया असे. एखाद्याचा पाय जन्मतः अधू असावा आणि घरच्यांनी तो सांभाळून घ्यावा, तसे ते माझी चूक सांभाळून घ्यायचे. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. मायेशी कसं भांडायचं? आणि मी तर अशी झाले होते की कुलूप तीन-तीनदा ओढून पाहावं, मिठाचा अंदाज दोनदा घ्यावा. लापरवाह माणसाला इतकं भीत भीत जगावं लागतं का?

बाबा मागच्या वर्षी गेले. शेवटी आमच्याकडेच होते. मी त्यांना औषध देत असे. चष्मा लावून, चिठ्ठीवरचं नाव वाचून, गोळी तळहातावर ठेवून. ते हसून म्हणत, "पाहून देजो व. तुह्या हातून सुटते." म्हातारा माणूस, आजारी, गंमत करून राह्यला, असं समजून सोडून द्यायला हवं होतं. मी गोळी देई, पाणी देई, आणि आत जाऊन भांडी उगाच आदळत असे. एकदा ठरवलं होतं की आज सांगायचंच. पलंगाच्या कडेला बसले सुद्धा. पण त्यांनी डोळे मिटले होते, आणि मला वाटलं, आता या वयात त्यांचे गुरुजी कशाला हिरावून घ्यायचे? राहू दे.

आणि मग, यंदाच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. आईला भेटून मी परत निघाले होते आणि जामला वर्ध्याच्या बसची वाट पाहत उभी होते. चौरस्ता आता ओळखू येत नाही. उड्डाणपूल झाला, ट्रक वरच्यावरच निघून जातात. समोरून एक उंच म्हातारा काठी टेकत आला. चाल ओळखीची वाटली. गुरुजी! कुणा नातेवाइकाकडे आले होते, तेही बसचीच वाट पाहत होते. मी वाकून पाया पडले. पडले, हो, हात आपोआपच जातात. त्यांनी मला ओळखलं. "पंक्चरवाल्या दादाची पोरगी ना तू? गणितात लय तेज होती." चहाच्या टपरीवर आम्ही बाकड्यावर बसलो. बाबा गेल्याचं सांगितलं तेव्हा हळहळले, शिकवणी घेते म्हटल्यावर खूश झाले. आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "स्कॉलरशिप थोडक्यात हुकली तुही. लापरवाह होती तू."

माझ्या आत काहीतरी तुटलं म्हणा की सुटलं म्हणा. इतक्या वर्षांत मी कुणाशी इतक्या शांतपणे बोलले नसेन. "गुरुजी, मधल्या शून्याचं तुम्ही मले एकदाही सांगतलं नव्हतं."

ते बशी फुंकत राहिले. मग म्हणाले, "नसंन सांगतलं. चार वर्ग होते, बाई. एकटा माणूस."

"ताळा जुळूनही उत्तर चुकते, हे ठाऊक होतं तुम्हाले?"

"ठाऊक काऊन नसंन?" त्यांना माझ्या अज्ञानाचंच नवल वाटलं असावं. "मास्तर होतो मी."

"मंग बाबाजवळ तसं काऊन बोलले?"

आता त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं. "त्या साली माह्या बदलीचं चालू होतं. वर्ध्याले. तुहे बाबा शाळेच्या समितीत होते. त्याईनं तक्रार केली असती तं बदली रुकली असती. माहे पोरं मोठे होऊन राह्यले होते, त्याईले चांगल्या शाळेत घालाचं होतं." काठी जवळ ओढत म्हणाले, "झालं त्याचं काय आता."

इतकंच होतं ते. इतकी वर्षं मी त्या खोट्याला काय काय अर्थ लावले होते! वाटे, त्यांचा खरंच तसा समज झाला असेल. वाटे, मीच विसरले असेन, सांगितलंही असेल त्यांनी. कधी कधी तर रात्री पडल्या पडल्या मी स्वतःलाच लापरवाह ठरवून मोकळी झाले होते. आणि इथे हा म्हातारा चहा पिता पिता सांगत होता की त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्याही पोरांना वर्धा हवं होतं, माझ्याही बापाला हवं होतं. त्यानं आपलं पाहिलं. मला राग यायला हवा होता, आणि आला तो नंतर, बसमध्ये, मणभर आला. पण त्या क्षणी मला जे झालं ते वेगळंच होतं. मला एकदम हलकं वाटलं, लहान मुलीसारखं हलकं. मी बाकड्यावरून उठले, पदर सावरला, आणि म्हणाले, "मंग चला ना, गुरुजी. बाबाले सांगा तेवढं. इथंच आहे दुकान."

मी रस्त्याकडे वळलेही होते. एक पाऊल टाकलंही होतं.

गुरुजी जागचे हलले नाहीत. हळूच म्हणाले, "बाई, तुहे बाबा तं गेले ना?"

समोर, जिथे टिन होतं, तिथे मोबाइलचं दुकान आहे. काचेचं. एक पोरगा स्टुलावर चढून बाहेरची पाटी पुसत होता. मी बघत उभी राहिले. मग बस आली. गुरुजींना चढायला हात दिला, त्यांना पुढे जागा मिळवून दिली, आणि मी मागे जाऊन बसले. वर्ध्यापर्यंतची वाट मला पाठ आहे, पण त्या दिवशी ती सरता सरेना. लहानपणी जिथे जायला मी आसुसले होते तिथेच माझं घर आहे, माझा ओटा, माझी गच्ची, माझी तुळस. उशिरा का होईना, वर्धा मला मिळालं. जे खरं होतं तेही मिळालं, खुद्द त्यांच्याच तोंडून. फक्त ते ज्या एका माणसाला नेऊन द्यायचं होतं तो माणूस आता नाही, आणि तो जाताना मला लापरवाह समजून गेला. हे दुरुस्त करायची कुठलीही रीत मला कुणी शिकवलेली नाही.